ऐरोलीच्या कंपनीतला इंटरव्ह्यू: पलीकडच्या खुर्चीतून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत महापेला दोन वर्षं ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये (चालू सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवण्याच्या कामात) आहात, ऐरोलीच्या एका प्रॉडक्ट कंपनीतून जावा डेव्हलपरच्या जागेसाठी फोन आलाय. पुढे काय काय होतं, आणि मराठी माध्यमातलं इंग्रजी आडवं येईल का? मी बरीच वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसतोय, तेव्हा तिकडून दिसतं ते सांगतो.

पहिला फोन एचआरचा. सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पिरियड. नोटीस नव्वद दिवसांची असेल तर तसं सरळ सांगा, ‘ॲडजस्ट होईल’ म्हणू नका. मग ऑनलाइन टेस्ट: बहुधा तासा-दीड तासाची, एक-दोन कोडिंगचे प्रश्न आणि काही बहुपर्यायी. कॅमेरा चालू असतो, टॅब बदलला तर त्याची नोंद होते. दिलेल्या उदाहरणावर उत्तर बरोबर आलं म्हणून लगेच सबमिट करू नका. लपवलेल्या टेस्ट केसमध्ये, म्हणजे कोड तपासायला वापरलेल्या नमुन्यांत, रिकामी यादी असते, तोच आकडा दोनदा असतो, लाखभर नोंदी असतात. लुपात लुप घातला असेल तर त्या लाखावर वेळ संपतो.

खरं घोडं पेंड खातं टेक्निकल राउंडमध्ये. तिथे अभ्यासक्रम एकच, तुमचा रेझ्युमे. त्यावर ‘मायक्रोसर्व्हिसेस’ (एक मोठं ॲप छोट्या स्वतंत्र भागांत बांधणं) लिहिलं असेल तर मी तिथूनच सुरुवात करतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला समजतं की काम केलंय की नुसतं ऐकलंय. ज्यावर दहा मिनिटं बोलता येणार नाही ते आजच खोडा.

एक नेहमीचा प्रश्न घ्या: पगाराच्या टेबलमधून दुसरा सर्वात मोठा पगार काढा. बहुतेक जण उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलतात. पण सर्वात मोठा पगार दोघांना सारखाच असेल तर? दुसऱ्या ओळीत पुन्हा तोच आकडा येणार. मग एसक्यूएलमधलं डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारं) किंवा डेन्स रँक (सारख्या आकड्यांना एकच क्रमांक देणारं) लागतं. आणि टेबलात एकच माणूस असला तर काय दाखवायचं? क्वेरी तर पाठ करूनही येते. लिहायच्या आधी ‘पगार सारखे असू शकतात का?’ असं विचारणारा उमेदवार आम्हाला हवा असतो. हॅशमॅपचंही, म्हणजे किल्लीवरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या साठ्याचंही, तसंच. व्याख्या सगळ्यांना येते. इक्वल्स (दोन वस्तू सारख्या का ते ठरवणारं) लिहिलं आणि हॅशकोड (वस्तू कुठल्या कप्प्यात जाईल ते ठरवणारा आकडा) लिहायचा राहिला तर टाकलेली वस्तू परत का सापडत नाही, हे कागदावर काढून दाखवा.

सपोर्टमध्ये होतो हे लपवू नका, उलट तेच पुढे करा. ‘एक एपीआय (दोन प्रोग्रॅमना जोडणारी सेवा) अचानक मंद झाली, कुठे बघाल?’ या प्रश्नावर नुसतं कोडिंग केलेली मुलं अडखळतात. तुम्ही रात्रीच्या शिफ्टला लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, चाळलेत. सगळ्यांनाच त्रास होतोय की एकाच ग्राहकाला, कधीपासून, त्या आधी काही डिप्लॉय झालं होतं का (नवा कोड चढवला होता का), डेटाबेसची कुठली क्वेरी अडकलीय, त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का, या क्रमाने बोला. घडलेली एखादी अडचण तयार ठेवा, फक्त ग्राहकाचं नाव घेऊ नका.

आता इंग्रजी. व्याकरणाचे मार्क कोणी कापत नाही. गप्प बसलात तर मात्र कापले जातात, कारण डोक्यात काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. छोटी वाक्यं बोला, अडलात तर ‘गिव्ह मी अ मिनिट’ म्हणा. समोरचा मराठी निघाला आणि स्वतःहून मराठीत आला तर उत्तम, पण सुरुवात तुम्ही करू नका, कारण पॅनलवर मराठी न समजणारा दुसरा कोणी असू शकतो.

सुरुवातीचे राउंड आता बहुधा व्हिडिओवर होतात. शेवटच्याला बोलावलं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने, दिघा गावानंतर ऐरोली. प्रवास छोटा आहे, पण आयटी पार्कच्या गेटवर ओळखपत्र, लॅपटॉपची नोंद, पास यात वेळ जातो. अर्धा तास हाताशी ठेवा.

ऑफर आली की सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा) मोठा आकडा बघून हुरळू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगाराचा भाग) धरलेलं असतं, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही. दरमहा हातात किती पडणार ते लेखी मागा. याला कोणी उद्धटपणा समजत नाही. यूएएन म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकावरून जुन्या नोकऱ्यांच्या तारखा तपासता येतात, तेव्हा अनुभवाचे महिने वाढवून लिहू नका. ऑफर लेटर हातात येईपर्यंत महापेला राजीनामा देऊ नका. आणि मध्येच कोणी ट्रेनिंगचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले, तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. फोन तिथेच ठेवा.