क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट पीसीला केबलने जोडला की चार्ज होतो, पण लिंक (पीसीवरचे गेम हेडसेटमध्ये दाखवणारी जोडणी) सारखी तुटते. काय करू?

आधी केबल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून किंवा हबमधून काढा आणि मागे थेट मदरबोर्डच्या यूएसबी ३ पोर्टात लावा. पुढचे पोर्ट आतल्या वायरवर असतात. वर लांब केबल आली की सिग्नल पडतो. मग पीसीवरच्या मेटाच्या ॲपमध्ये यूएसबी टेस्ट चालवा. वेगाचा आकडा ४८० एमबीपीएसच्या आतच अडकला, तर जोडणी जुन्या, संथ यूएसबी २ ची आहे. सोबत मिळालेली चार्जिंग केबल तशीच असते. लिंक तिच्यावरही चालते, चित्र जरा धूसर. केबल यूएसबी ३ ची असूनही असं होत असेल, तर हेडसेटकडचं टाइप-सी टोक उलटं फिरवून लावा, गंमत म्हणजे कधीकधी तेवढ्यानेही भागतं. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सेटिंग) बंद करा. मात्र मान हलवली की तुटत असेल, तर पोर्ट किंवा केबलचं टोक सैल आहे. तिथे सेटिंगचा उपयोग नाही.