नागपुरात कोणी ओळखीचं नसताना प्रॉपर्टीत पैसे गुंतवायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३१, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, मनीषनगरला भाड्याने राहता, आठ लाख साठलेत, मूळचे नागपूरचे नाही. प्रॉपर्टीत शिरायचं तर ‘नेटवर्क हवं’ असं जो तो सांगतो, पण ते मिळतं कुठे हे कोणी सांगत नाही.

मी सीताबर्डीला एका खासगी कंपनीत हिशेब बघते. आज माझे दोन छोटे फ्लॅट भाड्याने आहेत आणि एक प्लॉट आहे. म्हणजे मोठी गुंतवणूकदार वगैरे नाही. पण यातली एकही गोष्ट जाहिरात बघून मिळालेली नाही, तिन्ही ओळखीतून आल्या. आणि जो सौदा अंगलट आला, तोही ओळखीतूनच. म्हणून आधी तो सांगते.

२०११ साल. पिपळ्याकडे १५०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट. दाखवणारे गृहस्थ आमच्याच कॉलनीतले, गणपतीच्या वर्गणीला घरी येणारे. तेव्हा वर्धा रोडच्या आजूबाजूचा प्रत्येक तुकडा विमानतळाजवळच्या ‘मिहान’ प्रकल्पाच्या नावावर विकला जायचा. (आता ‘समृद्धी’ महामार्गाच्या नावावर विकतात. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि हिंगण्याकडची वावरं एका रात्रीत ‘समृद्धीला लागून’ झाली.) ‘उद्या दुसरी पार्टी येऊन राहिली, मॅडम’ हे ऐकून मी ५० हजार बयाणा दिला. रोख. पावती साध्या कागदावर.

मग रजिस्ट्रीचा खर्च विचारायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले. बाहेर टेबल टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या दस्तलेखकांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, दोन पानं उलटली आणि म्हणाले, ‘सातबारा तं अजून शेतकऱ्याच्याच नावावर हाय. मुखत्यारपत्रावर विकून राहिले. आरएल हाय का? नाही ना? मंग काहून घेता बाप्पा?’ नंतर कळलं की विकास आराखड्यात ती जागा मैदानासाठी आरक्षित होती. दीड वर्ष चकरा मारून ३० हजार परत मिळाले.

इथे एक गोष्ट नीट बघा. सौदा झाला असता तर दस्त लिहिण्याचे पैसे त्या काकांनाच मिळाले असते. तरी त्यांनी नको म्हटलं. तेव्हापासून मी ओळखीच्या माणसांचे दोनच गट करते: सौदा झाला तर ज्यांचा फायदा, आणि सौदा मोडला तरी ज्यांचं काही बिघडत नाही. पहिल्या गटातली माणसं तुम्हाला शोधत येतील, काळजी नको. तुम्हाला जोडायची आहेत ती दुसऱ्या गटातली.

तुम्ही बाहेरचे आहात म्हणून ‘आरएल’ काय ते सांगते, कारण नागपुरात प्लॉटची बोलणी याच शब्दाने सुरू होतात. इथे नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र, ही शहर नियोजनाची संस्था १९३६ पासून आहे, आणि तरीही शहराच्या कडेने शेतं तोडून परवानगीशिवाय लेआउट पडत गेले. गृहनिर्माण संस्थांनी पाडले, एकेकट्या माणसांनी पाडले. पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित करायची सोय झाली. ‘५७२ लेआउट’, ‘१९०० लेआउट’ हे शब्द तुम्हाला पानठेल्यावरसुद्धा ऐकू येतील, ते अशाच लेआउटच्या संख्येवरून पडलेले. पैसे भरून प्लॉट नियमित झाला की पत्र मिळतं, तेच आरएल. शहराबाहेरच्या गावांत २०१७ पासून एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, तिथे मंजूर नकाशा आणि एनए, म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, बघायचं. ‘आरएल होऊन जाईल’ आणि ‘आरएल आहे’ या दोन वाक्यांमधल्या फरकावर इथे लोकांची आयुष्यभराची कमाई अडकली आहे.

आता माणसं कुठे भेटतात ते.

माझा पहिला फ्लॅट भिशीतून आला. हसू नका. आमची बारा बायकांची भिशी, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी, साबुदाणा वडा आणि तासभर गप्पा. २०१३ मध्ये एकजण म्हणाली की तिची जाऊ पुण्याला चालली आहे, त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट काढायचाय, पण दलालाच्या हाती द्यायचा नाही. लोक चपलांसकट बेडरूमपर्यंत येतात. मी दुसऱ्याच दिवशी गेले. भाव फार कमी होता असं नाही, पण कागद साफ होते, आणि सोसायटीत कोण भांडकुदळ, टाकीचं पाणी किती वाजता संपतं, हे सगळं मला आधीच माहीत होतं. असे सौदे बाजारात येतच नाहीत. बदली, वाटणी, मुलगा परदेशात, आईला जिने चढवत नाहीत, अशा कारणांनी घर विकायला निघतं तेव्हा पहिले काही आठवडे ती गोष्ट घरातच फिरत असते. तेवढ्या दिवसांत कोणाला तरी तुमची आठवण यायला हवी. म्हणून आपण घर शोधतोय हे दहा जणांना एकदाच सांगून भागत नाही. मी तर दर दोन महिन्यांनी भिशीत विषय काढायची, मैत्रिणी कंटाळल्या होत्या.

तुमच्यासाठी भिशी नसेल, तर कंपनीच्या बसमधली माणसं आहेत, गावाकडच्या लोकांचं मंडळ आहे, सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक आहेत. त्यातही पाटबंधारे, बांधकाम, भूमी अभिलेख अशा खात्यांतून निवृत्त झालेला माणूस भेटला तर त्याला तर्री पोहे खाऊ घाला आणि फक्त ऐकत बसा.

दुसरं, सगळं नागपूर फिरू नका. एकच पट्टा धरा. तुमच्यासाठी मनीषनगर-बेसा-बेलतरोडी सोयीचा, कारण येता-जाता दिसतो. दर रविवारी दोन तास पायी. दुचाकीवरून फक्त बोर्ड दिसतात. चौकीदार, वायरमन, मोटर दुरुस्त करणारा, किराणावाला, काम चालू असलेल्या घरावरचा मिस्त्री, यांच्याशी बोला. विचारायचं काय? बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, उन्हाळ्यात टँकर येतो का, कोणत्या घराला भाडेकरू टिकत नाही, आणि पावसाचं पाणी कुठे साचतं. हा शेवटचा प्रश्न मी आधी विचारत नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा भारी वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरलं. करोडोंची घरं आणि पलंग तरंगतायत. नाल्याची जुनी वाट कुठून जाते हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत, समोरच्या घरातल्या आजीला ठाऊक असतं.

तिसरी जागा बँक. कर्ज घ्यायचं नसलं तरी गृहकर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा आणि सरळ विचारा की या भागातल्या कोणत्या लेआउटला तुम्ही कर्ज देत नाही. बँकेच्या वकिलाने आणि मूल्यांकन करणाऱ्याने तिथली प्रकरणं आधीच चाळलेली असतात. त्यांचा ‘नाही’ तुम्हाला फुकटात मिळतो. बिल्डरांच्या संघटनेचं प्रदर्शन लागतं तेव्हा मी बिल्डरांचे स्टॉल सोडून बँकांच्या स्टॉलवरच जास्त वेळ काढते. पिशव्या मात्र बिल्डरांकडच्या चांगल्या असतात.

आणि दस्तलेखक. एक दिवस सुट्टी काढून रजिस्ट्री कार्यालयात नुसते बसा. लोक कशावरून भांडतात, कोणता कागद राहिला म्हणून परत जातात, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. तिथून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या सौद्याचा गोषवारा, काढायला शिका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घरबसल्याही दिसतो. तोंडी सांगितलेला भाव आणि शेजारच्या प्लॉटच्या इंडेक्स टूवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. (रोखीचा भाग त्यात दिसत नाही, हे धरून चाला.)

दलालांबद्दल. ते वाईट नसतात, माझा दुसरा फ्लॅट ओळखीच्या एका दलालानेच दाखवला. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्लॉट सात जण सात भावांनी टाकतात, कारण मूळ मालकाला त्यातल्या एकानेही पाहिलेलं नसतं. म्हणून पहिल्या फोनवर दोनच प्रश्न: मालकाशी कधी बोलता येईल, आणि तुमचा महारेरा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक काय. एजंटचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. दोन्ही महारेराच्या साइटवर तपासता येतात. छोट्या इमारतींना, म्हणजे ५०० चौरस मीटरपर्यंत जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर, प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. तिथे सगळी भिस्त मंजूर नकाशा आणि वकिलाच्या सर्च रिपोर्टवर. वकील मात्र तुम्ही शोधलेला हवा, दलालाने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. आणि बाई एकटी गेली की दलाल ‘साहेब नाही आले का?’ विचारतो. मी म्हणते, चेकवर सही माझी असते.

तुम्हाला वाटत असेल की आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? आहे ना. बुटीबोरीत दर महिन्याला नवीन मुलं रुजू होतात, त्यांना खोल्या हव्या असतात. घरमालकांना पगारदार भाडेकरू हवा असतो. वर्षभर फक्त ही गाठ घालून द्या, एक रुपयाही न घेता. कोणत्या गल्लीत वन बीएचकेला खरं भाडं किती मिळतं हे तुम्हाला दलालांपेक्षा चांगलं कळेल, आणि पंधरा-वीस घरमालक तुम्हाला नावाने ओळखतील. मी त्या दस्तलेखक काकांच्या पुतण्याचे हिशेब दोन वर्षं लिहून दिले होते. प्लॉटचा कागद घेऊन कधीही जा, काका हातातलं काम बाजूला ठेवायचे.

आठ लाखांचं म्हणाल तर पहिलं वर्ष त्याला हात लावू नका. उमरेड रोड, कळमेश्वर या बाजूला कोणी ‘फार्महाऊस प्लॉट, सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ म्हणालं तर थांबा. विदर्भात १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यातून सामाईक सातबारा असला तर तुमचा तुकडा नेमका कोणता, हे देवालाही सांगता येणार नाही. मित्रांबरोबर मिळून घेणार असाल तर दस्तावर सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहून घ्या, मग मैत्री किती का जुनी असेना. बयाणा द्यायची वेळ आली तर चेकनेच. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात घेणंही कायद्यात बसत नाही. इसारपत्रात ‘कागद सदोष निघाल्यास रक्कम अमुक दिवसांत परत’ ही ओळ हवी. माझ्या २०११ च्या पावतीवर ती नव्हती.

आणि हो, भाडं यूपीआयने पाठवता का? पुढच्या महिन्यात हातात नेऊन द्या. मनीषनगरला भाड्याने देण्यासाठी घर घेऊन बसलेला एक माणूस तुमच्या आधीपासून ओळखीचा आहे. त्यांनी ते कधी घेतलं, कितीला घेतलं, रेल्वे फाटकावर लोक तासन्‌तास अडकायचे त्या दिवसांत तिकडे कसं काय घेतलं, हे विचारा. चहा मिळेलच.