सरकलेल्या ठिपक्यांनी माझा एक पावसाळा खाल्ला

भातखाचरातल्या छोट्या क्रिकेट बेडकांच्या पोटावर आणि मांड्यांवर इलास्टोमरचे (कातडीखाली टोचायचं, मग रबरासारखं घट्ट होणारं रंगीत द्रव्य) तीन-तीन ठिपके भरायचे आणि बेडूक पुन्हा सापडला की ठिपका कुठे आहे त्यावरून त्याचा नंबर ओळखायचा, हा तुमचा बेत वाचला आणि आंबोलीतला माझा पहिला पावसाळा आठवला. डिट्टो हाच कोड होता माझा! परवानगी, हातमोजे वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

बेडकाची कातडी अंगाला घट्ट चिकटलेली नसते. खाली लसिकेच्या (शरीरातल्या पातळ द्रवाच्या) मोकळ्या पिशव्या असतात आणि त्यात ठिपका खुशाल फिरतो. हे मी वाचलेलं होतं, तरी विसरलो. जुलैत पोटाच्या डावीकडे भरलेला लाल ठिपका ऑगस्टमध्ये उजवीकडे! आता हा सतरा नंबर की एकतीस? दोघांची लांबी, वजन जवळपास सारखंच. अख्ख्या हंगामातल्या, पुन्हा सापडलेल्या बेडकांच्या नोंदी बाद केल्या. 'अंदाजाने टाक रे' असंही एका वरिष्ठांनी सुचवलं होतं. नाही टाकलं.

माझं मत विचाराल तर (मी पशुवैद्य नाही, शिवाय तुमच्या बेडकांची जात वेगळी वागू शकते) कोड रंगांवर बेता, जागेवर नको. नंबर कमी मिळतील, मिळू देत. आधी दहा-बारा बेडकांवर करून तीन आठवडे बघा. आणि मिसळलेलं इलास्टोमर उकाड्यात भराभर घट्ट होतं, तेव्हा सिरिंज बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा.

'त्यापेक्षा खूण म्हणून बेडकांची बोटं छाटा, स्वस्त पडतं' म्हणणारे भेटतील. मॅकार्थी आणि पॅरिस या संशोधकांनी 2004 मध्ये जुनी आकडेवारी नव्याने तपासली, तेव्हा पहिल्या बोटानंतर छाटलेल्या दर बोटामागे बेडूक परत सापडण्याची शक्यता 4 ते 11 टक्क्यांनी घटलेली निघाली. म्हणजे बेडूकही जातो आणि आकडेही. स्वस्त कसलं!

सड्यावरचा (कातळाच्या पठारावरचा) आंबोली भेक दिसला तर त्याला सुई लावूच नका. जात अतिसंकटग्रस्त आहे. ओळखायला कुशीवरचे पिवळे पट्टे आहेत की, दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

जाता जाता, जळवांसाठी मोज्यांना तंबाखू चोळत असाल तर त्या हाताने बेडूक धरू नका. त्याच्या कातडीतून सगळं आत जातं. आमच्या वाटाड्याला हे पटवायला मला चार रात्री लागल्या.