सासूबाईंना नव्हे, प्रश्नावलीला दुरुस्त करा

ओहायोहून एका ताईंनी लिहिलंय: विद्यापीठातले संशोधक देवळात आले होते. स्थलांतरितांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास, म्हणे समाजाला सोबत घेऊन. मराठी प्रश्नावलीही दिली. 'आपण नैराश्यग्रस्त आहात का?' एवढं वाचून सासूबाईंनी कागद बाजूला सारला, "माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटतं का तुला?" भाग घ्यावा का? ग्रीन कार्डाला काही बाधा येईल का?

ताई, सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. 'नैराश्यग्रस्त' हा शब्द आपल्यापैकी कोण बोलतं?

तुमच्या ओहायोतच भूतानहून हाकलले गेलेले नेपाळीभाषक मोठ्या संख्येने राहतात. पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून ही मंडळी २००८ पासून अमेरिकेत येऊ लागली. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या काळात त्यांच्यात १६ आत्महत्या झाल्या, तेव्हा सरकारी आरोग्य यंत्रणा जागी झाली. नेपाळीत 'मन' वेगळं आणि 'दिमाग' वेगळा. मन कुणाचंही दुखतं, पण दिमाग बिघडला म्हटलं की माणूस वेड्यात निघाला. आपलंही तेच नाही का? 'मनाला लागलं' हे चारचौघांत सांगता येतं. 'डोक्यावर परिणाम' म्हटलं की ठरलेली सोयरीक मोडते. हा फरक बाहेरच्या संशोधकाला कोण सांगणार? बॉस्टन कॉलेजच्या थेरेसा बेटनकोर्ट यांच्या गटाने न्यू इंग्लंडमध्ये भूतानी आणि सोमाली बांटू (सोमालियातला एक अल्पसंख्य समाज) निर्वासित कुटुंबांसोबत काम करताना त्याच समाजातली माणसं प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवली, ती याचसाठी.

म्हणून भाग घ्या, पण आधी सासूबाईंकडून प्रश्न दुरुस्त करून घ्या. 'करमत नाही', 'कशात मन लागत नाही', 'घास उतरत नाही', 'जीव घाबरा होतो' हे शब्द त्यांच्याकडे आहेत, विद्यापीठाकडे नाहीत. या कामाचं मानधन मागायला लाजू नका. निष्कर्ष मंडळात येऊन मराठीत सांगणार का, हेही आधीच विचारा. माहिती घेऊन गेले ते गेलेच, असं फार होतं.

ग्रीन कार्डाचं म्हणाल तर सहभाग ऐच्छिक असतो. नको तो प्रश्न सोडता येतो, मधूनच बाहेरही पडता येतं. अभ्यासाला एनआयएचचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचा, निधी असेल, तर ओळख पटेल अशी माहिती न्यायालयातही उघड करायला लागू नये म्हणून गोपनीयतेचं संरक्षण असतं. त्याला अपवाद कोणते, ते संमतीपत्रात वाचा. व्हिसाबद्दलचा प्रश्न असेल तर तो कशासाठी, हे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर रकाना कोरा ठेवा.

एक मात्र ध्यानात असू द्या, प्रश्नावली म्हणजे उपचार नव्हे. सासूबाईंची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर अभ्यासाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलल्या तर लगेच ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीवर फोन करा.

आणि दुभाषी तुम्ही होऊ नका. 'घरी करमत नाही' हे सासू सुनेच्या तोंडून कसं वदवून घेणार? संशोधकांना मराठी बोलणारी बाहेरची बाई आणायला सांगा, आणि ती आली की तुम्ही तासभर भाजी आणायला जा.