बाबांच्या गोष्टीत सगळेच मरतात

“मॅडम, मुलीला त्यांच्या खोलीत जाऊ देणं बंद करू का?” असं विचारत एक बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. नवरा कामावर परांचीवरून पडलेला. मणक्याचं ऑपरेशन झालं, पण पायांत जोर नाही. मुलगी दुसरीत. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट बाबांच्या कॉटवर, आणि मग राजाची गोष्ट, रोज थोडी थोडी. पण हल्ली गोष्टीत रोज कुणीतरी मरायला लागलं होतं. आधी घोडा, मग प्रधान, मग राजाचा भाऊ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मला तरसेम सिंगचा २००६ सालचा ‘द फॉल’ हा सिनेमा आठवला. मूकपटांच्या काळातलं लॉस एंजेलिस. स्टंट करताना जायबंदी झालेला तरुण दवाखान्यात पडून आहे, प्रेयसीही सोडून गेलेली. हात मोडलेल्या एका चिमुरडीला तो अद्भुत कथा सांगतो. जोधपूरची निळी घरं, आभानेरीची चांद बावडी ही पायऱ्यांची विहीर असं काय काय त्या कथेत दिसतं. चार वर्षं देशोदेशी फिरून केलेलं चित्रीकरण आहे, डोळे दिपतात. पण कथा सांगण्यामागे त्याचा हेतू वेगळाच असतो: तिला लळा लावायचा आणि जीव द्यायला तिच्याकडून गोळ्या चोरून आणवायच्या. पुढे निराशेच्या भरात तो एकेका नायकाला मारत सुटतो. ती रडून भांडते, गोष्ट माझीही आहे म्हणते.

मी बाईंना विचारलं, “ते स्वतःच्या जगण्याबद्दल काय बोलतात?”

“विचारायचीच भीती वाटते. विचारलं आणि तेच डोक्यात बसलं तर?”

ही भीती मला घरोघरी भेटते, आणि ती खरी नाही. विचारल्याने आत्महत्येचा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट आधीच असेल तर तो बोलायला वाट मिळते. मात्र “तसलं काही मनात नाही ना?” असं विचारू नये. त्या प्रश्नातच ‘नाही’ म्हण, अशी विनवणी असते. “जगणं नको वाटतं का? मरण्याचे विचार येतात का?” असं सरळ विचारावं आणि मग गप्प बसून ऐकावं.

बाईंनी त्याच रात्री नवऱ्याला विचारलं. ते बराच वेळ रडले. हो म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये घातला. आणि बोलता बोलता कळलं की बाबांना गोळ्या काढून द्यायचं काम मुलीकडेच होतं! कौतुकाने दिलेलं, “माझी नर्स” म्हणून. ते त्या दिवसापासून बंद. औषधं आईकडे, कुलपात.

खोली मात्र बंद केली नाही. “तिला काय कळतंय” असं घरचे म्हणत होते. मी तिला त्या गोष्टीतला राजा काढायला सांगितलं. तिने तो कॉटवर झोपलेला काढला, शेजारी काठी. सिनेमातली मुलगीही ऐकलेल्या कथेत आपल्याच आजूबाजूची माणसं बघते. गोष्ट सांगणारा ‘इंडियन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला आदिवासी योद्धा, तर तिच्या डोळ्यांपुढे संत्र्याच्या बागेतला ओळखीचा भारतीय. (सिनेमा मुलांना दाखवू नका, त्यात बरीच हिंसा आहे.)

आईने तिला तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: बाबांचं मन आजारी आहे, ते तुझ्यामुळे नाही, आणि त्यांना बरं करायचं काम डॉक्टरांचं आहे, तुझं नाही. वडिलांना मी एवढंच म्हटलं, पुढे काय होणार हे कधी कधी तिलाही ठरवू द्या.

त्यांचे उपचार सुरू आहेत, काही आठवडे बरे जातात, काही वाईट. रविवारी दुपारी नणंद येऊन भावाजवळ बसते. तेवढ्या वेळात बाई मुलीला घेऊन बागेत जातात, नाहीतर सरळ झोप काढतात.