निर्णयाआधीची विश्रांती

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र लक्षपूर्वक वाचले. सॉफ्टवेअरचे काम कायमचे सोडावे, शिक्षिका व्हावे, समुपदेशनाचे शिक्षण घ्यावे, किंवा काहीही करावे पण संगणकासमोर बसावे लागू नये, असे तुला वाटते आहे. या यादीतली शेवटची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली, कारण तिच्यात तुला काय हवे आहे याचा पत्ता नाही. काय नको आहे एवढेच तिच्यातून कळते. तू सरळ प्रश्न विचारला आहेस, म्हणून माझे मतही आधी सरळ सांगतो. क्षेत्र बदलायला माझा मुळीच विरोध नाही. कदाचित वर्षभराने मीच तुला बदल म्हणून सांगेन. मात्र तो निर्णय तू आज, कामाने पार थकून गेलेल्या या अवस्थेत घेऊ नयेस असे मला मनापासून वाटते, आणि त्यामागची कारणे तुला नीट समजावीत म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

तू ज्या अवस्थेत आहेस तिचा अभ्यास बराच जुना आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘बर्नआउट’ या शब्दाने तिचे वर्णन केले. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात अत्यंत तळमळीने काम करणारी माणसे हळूहळू आतून रिकामी होत जाताना त्याने पाहिली होती. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या संशोधकांनी १९८१ साली ही अवस्था मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि तिच्यातून या अवस्थेची तीन अंगे स्पष्ट झाली: विश्रांतीनेही न जाणारा थकवा, कामाविषयी व माणसांविषयी येणारा तुटकपणा, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपूनही अंग जड राहते असे तू लिहितेस. नव्या सहकाऱ्याने शंका विचारली की चीड येते, आणि सहकाऱ्यांनी लिहून तपासणीसाठी पाठवलेला कोड तू न वाचताच मंजूर करून टाकतेस. सर्वांना अवघड वाटणारा बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, सोडवल्यावरही तो तुला फुटकळ वाटला. हे सारे तू स्वभावदोष म्हणून लिहिले आहेस. ते तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. त्या व्याख्येत माणसाच्या दुबळेपणाचा उल्लेख कुठेही नाही.

त्याच व्याख्येत आणखी एक मर्यादा घातलेली आहे, ती तू दुर्लक्षू नयेस. बर्नआउट हा शब्द कामाच्या संदर्भातच वापरायचा आहे. कामाबाहेरही, म्हणजे आवडत्या माणसांत, संगीतात, जेवणातही गोडी उरली नसेल, सकाळी उठण्यात अर्थ वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, आणि हे साध्या रक्ततपासणीत कळते. म्हणून पहिली भेट डॉक्टरांची. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात डोकावला, तर मात्र वेळ ठरवण्याची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग आणि वैद्यकीय मदत घे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘मला प्रोग्रॅमिंग आवडत नाही हे आता मला कळले आहे,’ असे तू ठामपणे लिहिले आहेस. तापाने तोंडाची चव गेलेली असताना स्वयंपाकाची पारख करू नये, तसे या ठामपणाविषयी मला वाटते. गोडी वाटण्याची शक्तीच मंदावलेली असताना समोर कोणतेही काम ठेवले तरी ते बेचवच लागणार, आणि जे अजून चाखलेलेच नाही ते मात्र दुरून गोड दिसणार. तुझे म्हणणे खोटे ठरेल असे मी म्हणत नाही. ते खरे आहे की नाही हे सांगू शकणारी तुझी स्वतःची जाणीव सध्या जागेवर नाही, एवढेच म्हणतो.

म्हणून आधी विश्रांती, आणि ती खरी विश्रांती. वैद्यकीय रजा मिळत असेल तर ती घे, नाही तर बिनपगारी रजा माग. राजीनामा देण्यापेक्षा रजा मागणे तुला अपमानाचे का वाटते हे मला समजते, पण रजा संपल्यावर राजीनामा देता येतो, राजीनाम्यानंतर रजा मागता येत नाही. रजेच्या सुरुवातीच्या काळात कोणताही ऑनलाइन अभ्यासक्रम लावू नकोस, नवी भाषा शिकू नकोस, बायोडेटाला हात लावू नकोस. कामाचा मेल आणि चॅट फोनवरून काढून टाक. कामाच्या वेळेबाहेर मन कामापासून खरोखर सुटते का, यावर माणूस किती सावरतो हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. नुसते शरीराने घरी असणे पुरत नाही. तू ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास केव्हाही धावून जाण्याच्या पाळीवर, असतेस तेव्हा रात्री बिघाडाची सूचना आली नाही तरी झोप लागत नाही, याचे कारण हेच आहे. तुझ्या कामाच्या तासांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. तुला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. रजा मागताना तुला जे अपराधी वाटते आहे, त्याच्या विरुद्ध पारड्यात ठेवायला तुझ्याकडे काही ठोस असावे, म्हणून लिहितो.

किती दिवस विश्रांती घ्यावी, हे मी सांगणार नाही, कारण प्रत्येकाचे वेगळे असते. पण एक खूण सांगतो. अशा अवस्थेतून बाहेर आलेली जी तरुण मंडळी मी जवळून पाहिली, त्यांच्यात उत्साहाच्या आधी कुतूहल परतले. बिघडलेली एखादी वस्तू विनाकारण उघडून बघावीशी वाटणे, कशाविषयी तरी सहज वाचत बसणे, दुसऱ्याच्या बोलण्यात पुन्हा रस वाटणे, अशी ती लहान चिन्हे असतात. ती दिसू लागली की निर्णयाचा विचार सुरू कर, आधी नको.

त्या विचाराची सुरुवात ‘कुठे जाऊ’ या प्रश्नाने करू नकोस. ‘नेमके कशाने जाळले’ हे आधी शोध. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ साली माणूस आणि त्याचे काम यांच्यात बेबनाव होण्याची सहा क्षेत्रे मांडली: कामाचा भार, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांचे नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. ही सहा नावे कागदावर लिही आणि प्रत्येकाखाली गेल्या वर्षातले खरे प्रसंग लिही, मते लिहू नकोस. तुझ्या पत्रातूनच मला काही दिसतात. स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या छोट्या टप्प्याच्या, मध्यावर प्राधान्यक्रम उलटेपालटे होतात आणि तुला कोणी विचारत नाही, हा ताब्याचा प्रश्न आहे. काम खूप आणि त्यावरचा अधिकार कमी ही जोडी सर्वाधिक ताण देते, असे रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ सालीच मांडले होते. जुनी प्रणाली दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, पण ती कोसळली की जबाबदार तू, हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि जी प्रणाली तुझ्या दक्षतेमुळे कोसळलीच नाही तिची नोंद कुणाच्या अहवालात येत नाही, हा कदरीचा प्रश्न आहे. तांत्रिक कामात हे दुखणे फार खोल असते, कारण उत्तम काम झाल्याची खूण म्हणजे काहीही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानायचे कुणाला सुचत नाही.

यातला एकही प्रसंग प्रोग्रॅमिंगचा नाही, हे तुझ्या लक्षात आले का? हे सारे काम ज्या पद्धतीने करून घेतले जाते तिचे प्रश्न आहेत, आणि ती पद्धत सगळीकडे सारखी नसते. गूगलने प्रणाली सांभाळणाऱ्या आपल्या अभियंत्यांच्या वेळापैकी निम्म्याहून अधिक वेळ रोजच्या डागडुजीत जाऊ नये, असे धोरण जाहीरपणे मांडलेले आहे. उरलेला वेळ ती डागडुजीच कमी करण्यासाठी असतो. सगळीकडे असे होत नाही, पण असे असू शकते हे तुला माहीत असावे.

आणि याच्या नेमकी उलट गोष्ट तुझ्या स्वप्नांविषयी सांगायला हवी. बर्नआउटचा अभ्यास संगणक क्षेत्रात सुरू झालाच नाही. तो सुरू झाला परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक आणि समुपदेशक यांच्यात. शिक्षकांसाठी तर मास्लाक यांच्या प्रश्नावलीची स्वतंत्र आवृत्तीच करावी लागली. म्हणजे तू आसरा म्हणून ज्या दोन क्षेत्रांकडे पाहते आहेस, तीच या थकव्याची सर्वांत जुनी घरे आहेत. कामाला अर्थ असला म्हणजे माणूस थकत नाही, हे खरे नाही. अर्थपूर्ण कामात माणूस स्वतःला अधिक ओतत राहतो आणि ‘नाही’ म्हणणे त्याला अधिक जड जाते. तू आजही ‘नाही’ म्हणू शकत नाहीस. ही सवय तुझ्याबरोबर वर्गात येईल आणि समुपदेशनाच्या खोलीतही येईल. म्हणून नवे क्षेत्र निवडण्याआधी जुन्याच ठिकाणी एकदा तरी, रजेवरून परतल्यावर, एखाद्या अवास्तव मुदतीला स्पष्ट नकार देऊन बघ. त्यातून तुला स्वतःविषयी जे कळेल ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही.

हे सारे करूनही उत्तर ‘हे कामच नको’ असे आले, तर मात्र बिनधास्त बाहेर पड. शिक्षणाची आणि अनुभवाची इतकी वर्षे वाया जातील, या भीतीने थांबू नकोस. हाल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांच्या १९८५ च्या एका प्रयोगात, नाटकांच्या हंगामाची तिकिटे पूर्ण किमतीला घेतलेल्या लोकांनी सवलतीत घेतलेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या भागात अधिक नाटके पाहिली, आणि ही सवलत कुणाला द्यायची हे तर चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरले होते. खर्च झालेले आपल्याला असे ओढत राहते. तुझी वर्षे खर्च झालीच आहेत. राहिलीस तरी ती परत मिळणार नाहीत. शिवाय जे अंगात मुरले आहे ते कुठे जात नाही. गुंतागुंतीच्या प्रश्नाचे तुकडे पाडणे, लक्षणावरून कारणापर्यंत पोचणे, दुसऱ्याला कळेल असे लिहून ठेवणे, या गोष्टी कोणत्याही व्यवसायात दुर्मीळ आहेत.

मधले मार्गही आहेत: तांत्रिक लेखन, प्रशिक्षण, सॉफ्टवेअरची चाचणी, अर्धवेळ काम, लहान संस्थेतले काम. त्यांच्याकडे तडजोड म्हणून तुच्छतेने पाहू नकोस. आणि दूरचे क्षेत्र निवडलेस तर त्यात उडी घेण्याआधी त्याची चव घे. त्या क्षेत्रात दहा वर्षे काढलेल्या माणसाला भेट, आणि त्याचे ध्येय काय हे विचारू नकोस. एखाद्या सामान्य दिवसाचे तास कसे जातात, कोणते काम तो टाळतो, त्याच्याबरोबर आलेली माणसे का सोडून गेली, हे विचार. शिकवायचे असेल तर एखादा विषय थोड्या विद्यार्थ्यांना सलग काही महिने शिकवून बघ, आणि त्यांचे पेपरही तपास, कारण पेपर तपासणे हा त्या व्यवसायाचा मोठा भाग आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. घराचा महिन्याचा खर्च, कर्जाचे हप्ते, तुझ्यावर अवलंबून असलेली माणसे, नोकरीबरोबर जाणारा आरोग्यविमा आणि नव्या शिक्षणाचे शुल्क हे सर्व एका कागदावर मांड. किती महिने उत्पन्नाशिवाय निभेल, हे शांत डोक्याने आधीच ठरव, आणि घरच्यांना तो आकडा दाखव. त्यांचा विरोध पुष्कळदा निर्णयाला नसतो, अंधाराला असतो. राजीनामा दिलास तर नोटीस पिरियड नीट पूर्ण कर, काम व्यवस्थित हवाली कर, आणि निरोपाच्या मेलमध्ये तक्रार लिहू नकोस. तक्रार असेल ती योग्य माणसाला समोर बसून सांग.

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज भरण्याची मुदत महिनाअखेरीस संपते आहे आणि म्हणून तुला घाई झाली आहे, असे तू शेवटी लिहिले आहेस. ती मुदत जाऊ दे. असे प्रवेश पुढच्या वर्षीही निघतील, आणि तेव्हाही अर्ज करावासा वाटला, तर तो भरायला मी तुझ्याबरोबर बसेन. या आठवड्यात फक्त दोन कामे कर, डॉक्टरांची वेळ घे आणि रजेचा अर्ज दे, आणि दोन्ही झाल्यावर मला कळव.

तुझा हितचिंतक