‘परावलंबी’, ‘आश्रित’ की ‘सागरपार’?

प्रश्न असा आहे : बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड अशा ब्रिटनकडे उरलेल्या भूभागांना ‘स्वातंत्र्य न मिळालेले परावलंबी प्रदेश’ म्हणावं का?

‘परावलंबी’ नकोच. या शब्दात लाचारी येते, आणि बर्म्युडाला स्वतःची संसद आहे, पंतप्रधान आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि अंतर्गत सुरक्षा तेवढी लंडनकडे. शब्द काळ पाहून निवडावा. जुन्या संदर्भात ‘वसाहत’. १९८१चा नागरिकत्व कायदा १९८३मध्ये लागू झाला, तिथून ‘आश्रित प्रदेश’. २००२च्या कायद्याने तेही नाव गेलं, म्हणून आज ‘सागरपार प्रदेश’. असे चौदा आहेत.

‘स्वातंत्र्य न मिळालेले’ यावर माझा आक्षेप जास्त आहे. ब्रिटनचं जाहीर धोरण असं, की लोकांना हवं असेल आणि शक्य असेल तिथे स्वातंत्र्य द्यायचं, कुणावर लादायचं नाही. बर्म्युडात १९९५मध्ये सार्वमत झालं, तेव्हा सुमारे ७४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. फॉकलंडमध्ये २०१३ साली ब्रिटनसोबत राहायला नको म्हणणारी मतं फक्त तीन होती. अँग्विला या कॅरिबियन बेटाने तर १९६७मध्ये, ज्याच्या कारभाराला त्याला जोडलं होतं त्या शेजारच्या सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिलं आणि ब्रिटनच्याच छत्राखाली राहणं पसंत केलं. अशांना ‘स्वतंत्र न झालेले’ म्हणा. ‘न मिळालेले’ म्हटलं की त्यांनी मागितलं आणि नाकारलं गेलं, असा अर्थ होतो. जिब्राल्टरची गोष्ट थोडी वेगळी : ब्रिटनने ते सोडलं तर पहिला हक्क स्पेनचा, असं १७१३चा उत्रेख्तचा तह सांगतो. म्हणून वर ‘शक्य असेल तिथे’ म्हटलं.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबद्दल लिहिताना मात्र मी ‘वसाहत’ हाच शब्द वापरेन, सरकारी नावात ‘प्रदेश’ असला तरी. ज्या मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्याच्यापासून ही बेटं १९६५मध्ये, म्हणजे मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधी, तोडली गेली. मग त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळासाठी तिथल्या रहिवाशांना १९७३पर्यंत हुसकावून लावलं. सार्वमत दूरच, त्यांना कुणी साधं विचारलंही नाही. मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नव्हती, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९मध्ये दिलं.